दुरुस्ती कोणत्या प्रतीत?



नवी मुंबईच्या न्हावा-शेवा बंदराचे नाव तुम्ही भूगोलात वाचले असेल. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर. २०१७ च्या जूनअखेरीस तेथील एका टर्मिनलचे संगणक एकाएकी निकामी झाले. कोणता कंटेनर कोठे आहे हे सांगणारेच मुके झाल्यावर काम खोळंबणार नाही तर काय? मर्स्क या डॅनिश समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या या टर्मिनलमध्ये 'नॉटपेट्या' नावाची घातकी आज्ञावली समूहाच्या जाळ्यातून शिरली होती. समूहाला दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

ही आज्ञावली पसरण्यासाठी विंडोजमधील ज्या चुकीचा फायदा घेत होती, तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती! मग असे का व्हावे?

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण आधीच गावोगाव गेलेल्या पोथ्या काही आपोआप शुद्ध झाल्या नाहीत. आज्ञावलीचेही तसेच आहे. मूळ खोडावर नवे काम चालू असते आणि प्रत्येक आवृत्ती ही त्याला फुटलेली फांदी. चूक खोडात जुनी असेल, तर ती प्रत्येक फांदीत उतरलेली असते. खोडातील सुधारलेल्या ओळी फांदीत तशाच उतरवून चालत नाही. कारण मधल्या काळात आजूबाजूची रचना बदललेली असते. म्हणून दुरुस्ती प्रत्येक फांदीत बेताने बसवून तेथे निराळी तपासावी लागते. उलट, केवळ जुन्या फांदीत दुरुस्ती केली आणि खोडात करायची राहिली, तर पुढच्या आवृत्तीत तीच चूक पुन्हा हजर! म्हणून लिनक्सच्या मंडळींचा दंडकच आहे : दुरुस्ती आधी खोडात, मग फांद्यांत. काम कंटाळवाणे खरे, त्यात नाव होत नाही.

विंडोज एक्सपीची नेहमीची सेवा २०१४ मध्येच संपली होती. तिच्यासाठी दुरुस्ती तयार होती, पण ती जादा पैसे भरणाऱ्यांनाच मिळत होती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने हाहाकार केल्यावर ती सर्वांना खुली झाली. मला हे पटत नाही. जुन्या आवृत्त्या जन्मभर सांभाळा असे कोणी म्हणणार नाही. पण तयार औषध कपाटात ठेवणे वेगळे. दवाखान्यातील वा कारखान्यातील यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते. त्याच्या मालकाला 'नवी आवृत्ती घ्या' म्हणणे सोपे आहे. शिवाय नॉटपेट्या एका संगणकावरून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणजे शेजाऱ्याची जुनी फांदी ही तुमचीही काळजी.

अर्थात, आलेली दुरुस्ती न बसविणारेही थोडे नाहीत. आळसच, दुसरे काय!

विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमच्या शाळेतील संगणकांवर कोणती आवृत्ती आहे आणि शेवटची दुरुस्ती कधी बसविली, हे उद्या आपल्या शिक्षकांबरोबर पाहा.