वेपची बाटली आणि काउंटरवरचा मुलगा

या पानावर आम्ही सहसा सूत, रंग, माग आणि जीएसटी यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. परंतु आपल्या बाजारपेठेशी त्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये.

आमच्या ओळखीच्या एका घरावर नुकतीच आफत आली. वडील पॉवरलूमवर जॉबर. मुलगा एकवीस वर्षांचा, मोबाइलची कव्हरे आणि चार्जर विकणाऱ्या दुकानात पगारावर बसणारा. एक एजंट महिन्यातून दोनदा पिशवी आणून देई. तीत वेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, आणि तिच्यात भरावयाच्या लिक्विडच्या छोट्या बाटल्या. बिल नाही, चलन नाही. एके दिवशी धाड पडली. माल काउंटरखाली सापडला आणि मुलगा काउंटरवर. मालक गावाला गेलेला, एजंटचा फोन बंद. वडील आमच्या पेढीवर येऊन म्हणाले, "सेठ, पोरगा म्हणतो ती तंबाखू नव्हती, नुसती वाफ होती."

हीच गैरसमजूत आपल्या बऱ्याच दुकानदार बांधवांची आहे. म्हणून आधी माल काय आहे ते पाहू. या लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, फळाचा किंवा पुदिन्याचा वास असतो, आणि बहुतेक बाटल्यांत निकोटिन असते. बिडी-सिगारेटची आणि तंबाखूची तलफ लावणारा पदार्थ तोच. धूर नाही, डांबर नाही, हे खरे. जुना सिगारेटवाला पूर्णपणे वेपकडे वळला तर त्याचे नुकसान कमी होते, असे ब्रिटनचे आरोग्य खाते म्हणते. परंतु कमी नुकसान म्हणजे बिननुकसान नव्हे. आणि ज्या पोराने कधी सिगारेटच ओढली नाही त्याचे कमी काय होणार? त्याला फक्त नवी तलफ लागते. शिवाय ही बाटली लहान मुलाने तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकते. त्यामुळेच अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून अशा बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असे झाकण सक्तीचे केले.

आता कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनविणे, आयात-निर्यात करणे, वाहून नेणे, विकणे, साठविणे आणि तिची जाहिरात करणे, सर्वांस बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मला ठाऊक नव्हते" ही सबब कोर्टात चालत नाही.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्हांला हलके वाटत नाही. आपल्या देशात तंबाखूची सवय आधीच कोट्यवधींना आहे. त्यात एक नवी सवय, तीही गोड वासाची आणि रंगीत डबीतली, शाळा-कॉलेजच्या दारात का आणावी? रोग पसरल्यावर औषध शोधण्यापेक्षा दार आधीच लावलेले बरे. यात बापाच्या काळजाची गोष्ट आहे आणि ती खरी आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकावे. ज्या पानटपरीवर सिगारेट उघड विकली जाते, तिथे तिच्यापेक्षा कमी धुराची वस्तू मात्र गुन्हा, हा कोणता हिशेब? आणि बंदीने माल खरोखर थांबतो काय? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी गुटखा पकडल्याची बातमी आजही वर्तमानपत्रात येतच असते. बंदी आली की माल गल्लीत जातो, भाव वाढतो, आणि पुडीत काय आहे हे विचारणारा कोणी राहत नाही.

हा शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. २०१९ साली अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना अचानक इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण इस्पितळात गेले आणि ६८ दगावले. तपासात मुख्य संशय व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट भेसळीवर आला. ती प्रामुख्याने गांजाचा अर्क असलेल्या आणि चोरट्या वाटेने विकल्या जाणाऱ्या लिक्विडमध्ये सापडली. सबक इतकाच की ज्या मालाला बिल नाही, लेबल नाही आणि तपासणी नाही, त्यात काय मिसळले आहे हे विकणारालाही कळत नाही.

आम्हां कापडवाल्यांना यावरून एक जुनी गोष्ट आठवते. १९९४ मध्ये जर्मनीने काही अॅझो रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोग करणारी द्रव्ये सुटतात. १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही अशा रंगांना मनाई केली. तेव्हा बाजारात ओरड झाली की धंदा बुडाला. परंतु बंदी रंगावर नव्हती, घातक रंगावर होती. प्रयोगशाळेचा दाखला आला, प्रोसेसवाल्यांनी रंग बदलले आणि निर्यात चालू राहिली. नियम स्पष्ट आणि तपासणी खरी असली तर व्यापारी तक्रार करीत का होईना, पण पाळतो.

वेपच्या बाबतीत ब्रिटनने हीच वाट धरली. तिथे लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक निकोटिन चालत नाही. बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, झाकण मुलांना न उघडणारे हवे, वेष्टनावर इशारा हवा, आणि माल बाजारात आणण्यापूर्वी सहा महिने सरकारला कळवावे लागते. अठरा वर्षांखालील ग्राहकास विक्री बंद. करही ठरला आहे: १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स. आधी निकोटिनच्या ताकदीप्रमाणे तीन टप्पे करण्याचा विचार होता. तो सोडून सरसकट एकच दर ठेवला. त्याच वेळी शंभर सिगारेटींमागेही तितकीच करवाढ ठरविली, म्हणजे वेप सोडून कोणी सिगारेटकडे परत जाऊ नये.

इतके करूनही तिथे शाळकरी मुलांत हा शौक वाढलाच. शेवटी वापरून फेकावयाच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली. तेव्हा नियम केले की सर्व आलबेल, असेही नाही.

मग आमचे मत काय? बंदी आज उठवा, असे आम्ही म्हणत नाही. दुधातली भेसळ पकडण्यास जिथे यंत्रणा अपुरी पडते, तिथे निकोटिनचे मिलिग्रॅम कोण मोजणार? कराच्या उत्पन्नासाठी दार उघडावे, हे तर मुळीच पटत नाही. ज्या वस्तूच्या तलफेवर तिजोरी भरते, ती तलफ सुटावी असे तिजोरीला कधी वाटत नाही.

परंतु सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, पकडलेला माल नुसता नष्ट करू नये. तो प्रयोगशाळेत तपासून त्यात काय सापडले ते जाहीर करावे, म्हणजे पालकांना कळेल. दुसरी, तपास काउंटरवर थांबू नये. हे सामान गल्लीत पिकत नाही. ते बंदरातून, गोदामातून येते. पगारी मुलगा आत आणि आयातदार बाहेर, याला आम्ही इन्साफ म्हणत नाही. तिसरी, २०१९ पासूनचा हिशेब सरकारने संसदेपुढे ठेवावा. बंदीने वापर घटला असेल तर बंदी कडक करा. घटला नसेल तर ताकदीची मर्यादा, झाकण, वयाची अट, परवाना आणि कर, असा पुरा कायदा आणा. अर्धे दार उघडे आणि अर्धे बंद, यात फायदा फक्त चोरट्याचा होतो.

आणि आपल्या बांधवांना दोन शब्द. मापात खोट करू नये, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळाली आहे. ज्या मालाचे माप, मजकूर आणि मालक तिन्ही ठाऊक नाहीत, तो माल दुकानात ठेवणे ही त्याच खोटीची मोठी बहीण आहे. एजंट कितीही मार्जिन देवो, बिलाशिवाय आलेली पिशवी उघडू नका. दुकानात मुले नोकरीस ठेवली असतील तर काउंटरखाली काय आहे हे स्वतः वाकून पाहा. तो मुलगा तुमच्याकडे अमानत आहे. ज्यांना सिगारेट-तंबाखू सोडावयाची आहे त्यांच्यासाठी मेडिकल दुकानात निकोटिनचे च्युइंग गम मिळते, आणि सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. त्यासाठी चोरट्या बाटलीची गरज नाही.

त्या जॉबर बांधवाच्या मुलाला जामीन मिळाला आहे. नोकरी गेली, तारखा चालू आहेत. एका बाटलीमागे त्याला कमिशन मिळत होते पन्नास रुपये.