ब्रास रत्नागिरीत रेकॉर्ड होत नाही म्हणे!

"ब्रास इथं रेकॉर्ड होत नाही हो. मुंबईच गाठायला लागते." हे वाक्य मी गेल्या वर्षभरात चार जणांकडून ऐकलं. शेवटचं ऐकलं ते एका सरकारी मोहिमेच्या गाण्याबद्दल. मंडप, फ्लेक्स, ड्रोन, सगळ्याला पैसे होते. गाण्यातला ट्रंपेट मात्र कीबोर्डचं बटण दाबून काढलेला. आणि ज्या मिरवणुकीत ते गाणं भोंग्यावर वाजलं, तिच्यातच पुढे आपला बँड चालत होता. खरे ट्रंपेटवाले!

मंडळी, हे वाक्य खोटं आहे. कसं, ते सांगतो. कारण मी स्वतः बसून बघितलंय.

एप्रिलमधला रविवार. मित्राच्या घरातली दहा बाय बाराची खोली, तोच त्याचा स्टुडिओ. लग्नाच्या बँडमधले चौघे आले. दोन ट्रंपेट, एक सॅक्सोफोन, एक युफोनियम. भिंतींना गाद्या लावल्या, दोरीवर गोधड्या टाकल्या, कारण छोट्या खोलीत पितळेचा आवाज भिंतीवर आपटून कानात घुसतो. पंखा बंद. घामाच्या धारा. साधा डायनॅमिक माइक चार फुटांवर, भोंग्याच्या तोंडासमोर नाही, जरा बाजूला. रेकॉर्डिंगची पातळी खाली ठेवली, म्हणजे जोराचा सूर आला तरी फाटत नाही. एवढंच शास्त्र.

खरी अडचण वेगळीच निघाली. गाणं होतं पांढरी तीनमध्ये. आपला नेहमीचा ट्रंपेट काळी पाचचा, त्याला पांढरी तीन म्हणजे बोटांची कसरत. वाजतं, पण अडखळत. गायकाला विचारून गाणं अर्ध्या सुराने वर, पांढरी चारमध्ये घेतलं आणि चौघांचे चेहरे खुलले. वरच्या पट्टीचे तुकडे आधी उरकले, कारण ओठ थकतात. दर अर्ध्या तासाने सूर पुन्हा जुळवला, कारण वाद्य तापलं की सूर चढतो. नोटेशन कुणालाच येत नव्हतं. गायकाने गाऊन दाखवलं, त्यांनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवलं. मग तेच सगळं पुन्हा एकदा वाजवून आधीच्यावर चढवलं. चौघांचे आठ झाले! दुपारी जेवायच्या वेळेला काम संपलेलं.

त्यातले थोरले काका घाम पुसत म्हणाले, "आमाला कोन विचारतंय आता? त्या पेटीत आमचा आवाज भरून ठेवलानी ना."

पेटीत भरलेला आवाज वाईट असतो असं मी म्हणत नाही. चाल बांधताना, नमुना ऐकवताना तो कामाचा आहे. पण त्याला दम लागत नाही, म्हणून तो श्वासही घेत नाही. दोन ट्रंपेट एका सुरावर येताना केसाएवढा फरक राहतो, त्याच फरकाने अंगावर काटा येतो.

कुणी म्हणेल, २०१६च्या 'सैराट'साठी अजय-अतुलनाही लॉस एंजलिसला जावं लागलं. बरोबर. पण ते तिथं कशाला गेले? माणसं वाजवतात म्हणून! बटण तर पुण्यातही होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा हात होता. हिंदी सिनेमाचा पितळी आवाज मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी उभा केला. त्यातल्या बहुतेकांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत. आपण आता एक पायरी पुढे गेलोय. नाव तर नाहीच, माणूसही नको.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर वादकालाही कलाकार म्हणून आपलं नाव जोडलं जावं असं मागता येतं, आणि व्यावसायिक वापरासाठी वाजवलं असेल तर मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्कही आहे. आपल्या बँडवाल्यांपैकी किती जणांना हे कुणी सांगितलं? मीही या धंद्यात वीस वर्षं आहे. मिरवणुकीच्या बातमीत "बँडच्या तालावर" एवढं लिहून मोकळा झालो. बँडमधल्या एकाचं नाव कधी विचारलं नाही. ती चूक माझी.

त्या रविवारी प्रत्येकाला दोन हजार दिले. चौघांचे आठ. एका मोठ्या फ्लेक्सचा खर्च, तोही चार दिवसांनी फाटणारा.

म्हणून मागणी साधी आहे. जनतेच्या पैशातून गाणं होणार असेल, तर त्यातला ट्रंपेट रत्नागिरीच्या माणसाने वाजवलेला असावा आणि गाण्याखाली त्याचं नाव असावं. मंडळांनीही गणपतीच्या गाण्यांसाठी आत्ताच विचार करावा, भाद्रपदाच्या तोंडावर नको. जागा नसेल तर मला सांगा. गोधड्या मी आणतो.

लग्नाचा हंगाम संपला की यातलं कुणी रिक्षा चालवतं, कुणी बागेत कामाला जातं. वाजवणं सुटलं की ओठांची सवय जाते, आणि ती पुन्हा यायला महिने लागतात. ही माणसं गेल्यावर मात्र ते वाक्य खरं होईल. ब्रास इथं रेकॉर्ड होणार नाही.

पटलं तर आपल्या वाडीतल्या वादकाचं नाव खाली लिहा. त्याला विचारून लिहा.