गुन्ह्याच्या नोंदीस मुदत हवी

‘त्याच्यावर केस आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले की आपल्या सुशिक्षित घरांतून माणसाचा निकाल लागतो. मुलीसाठी आलेले स्थळ असो, दुकानात ठेवावयाचा कारकून असो, की खोली मागावयास आलेला बिऱ्हाडकरू असो, पुढील चौकशी तेथेच थांबते. केस कशाची, ती कोणत्या पायरीवर आहे, तिचा शेवट काय झाला, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. ही सवय अन्यायाची आहेच. परंतु तिला बळ मिळते ते आपल्या कायद्यातील एका उणिवेमुळे. माणसाचे नाव गुन्हेगार म्हणून लिहून घेण्याचे मार्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते पुसण्याचा मार्ग मात्र जवळजवळ नाही.

मारामारीचाच गुन्हा घेऊ. आमच्या कळंब तालुक्यात बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भावकीच्या वाटणीवरून हात उगारले जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. १ जुलै २०२४ पासून अशा प्रसंगांस भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या दृष्टीने हल्ला, दुखापत आणि जबर दुखापत या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. अंगाला बोटही न लावता, आता हा मारणार अशी भीती समोरच्यास वाटेल असा आविर्भाव केला तरी तो हल्ला होतो. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. साध्या दुखापतीस एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. हाड मोडले, दात पडला किंवा पंधरा दिवस मनुष्य आपल्या नित्याच्या उद्योगास मुकला, तर ती जबर दुखापत आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. पूर्वीच्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. पहिले दोन गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांस त्यांचा तपासही करता येत नाही. साध्या दुखापतीत तर जखमी मनुष्याने तडजोड केली की खटला मिटतो आणि कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. इतके तारतम्य कायदा स्वतः पाळतो. आपण मात्र या सर्वांस एकच शब्द वापरतो, ‘केस’.

आता तडजोड न झालेल्या मनुष्याची गोष्ट समजा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन तो ऊसतोडीस निघाला आहे आणि न्यायालयाची तारीख पडली आहे ऐन हंगामात. तारखेस यावे तर मजुरी बुडते, न यावे तर वॉरंट निघते. अशा वेळी कोणी तरी शहाणा त्याच्या कानाशी लागतो : ‘कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.’ तो कबूल करतो, दंड भरतो आणि मोकळा झालो असे समजून कारखान्याची वाट धरतो. वस्तुतः तो मोकळा झालेला नसतो. तो दोषी ठरलेला असतो. पुढे तोच मनुष्य नगरपरिषदेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतो आणि चारित्र्य-पडताळणीत तो दंड पुन्हा उभा राहतो. खटला शेवटपर्यंत लढविण्याची ऐपत असलेला त्याचा प्रतिपक्षी पुराव्याअभावी सुटलेला असू शकतो. दोघांत अधिक दोषी कोण होता, याचे उत्तर नोंदवहीत मिळत नाही. अधिक गरीब कोण होता, एवढेच मिळते.

यावर कोणी म्हणतील की १९५८ चा परिवीक्षा कायदा आहेच. आहे खरा, आणि त्याखाली सोडलेल्या इसमास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये असे त्याचे बारावे कलम सांगते. पण दोषसिद्धी त्याने पुसली जात नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. नोंद खरोखर नष्ट करण्याची तरतूद आहे ती २०१५ च्या बालन्याय कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांपुरती, आणि तेथेही अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद आहे. म्हणजे साडेसतराव्या वर्षी दगड मारणाऱ्यास कायदा विसरतो. साडेअठराव्या वर्षी थप्पड मारणाऱ्यास तो जन्मभर लक्षात ठेवतो!

न विसरण्याची ही वृत्ती कोठवर जाते, हे आमच्या भागास परक्यांनी सांगावयास नको. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या कायद्याने पुढे कित्येक जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. कैकाडी, कंजारभाट, रामोशी, पारधी यांच्यातील माणसांनी काय केले हे पाहण्याचे कारणच उरले नाही. नाव नोंदवून हजेरी घेतली की झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती मुक्त झाल्या. परंतु सातच वर्षांनी मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा केला आणि जुनी नजर नव्या नावाने कायम राहिली. कळंबच्या परिसरात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालाकडे बोट जाते, आणि बोट दाखविणारे बहुधा आपणच असतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीट उघडताना मागास जातिजमातींच्या माणसांची नावे यांत्रिकपणे चढवू नयेत असे बजावले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने विमुक्त जमातींना सराईत समजणारे तुरुंगनियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढावयास सांगितले. मुक्तीला बहात्तर वर्षे लोटल्यावर हे सांगावे लागले.

नोकरी देणाऱ्यास माणसाचे पूर्ववृत्त कळण्याचा हक्क नाही काय? आहे. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि उमेदवाराने खरे तेच सांगावे असेही म्हटले. मात्र क्षुल्लक प्रकरण लपविल्याबद्दल तरुणास क्षमा करण्याची मोकळीकही मालकास ठेवली. आमचे भांडण या मोकळिकीशीच आहे. क्षमा हा मालकाच्या लहरीचा विषय कां असावा? इंग्लंडने १९७४ सालीच कायदा करून ठरविले की, लहान शिक्षा भोगलेला मनुष्य ठराविक मुदत नीट वागला की बहुतेक व्यवहारांत ती दोषसिद्धी सरली असे मानावे. मुलांशी संबंध येणाऱ्या कामांसारख्या जागी त्यांनी अपवाद ठेवले, आपणही ठेवावेत. स्त्रिया व बालके यांच्यावरील अत्याचार किंवा प्राणघातक हल्ला करणाऱ्यांसाठी आम्ही रदबदली करीत नाही. दंडावर निभावलेली साधी दुखापत पाच वर्षांनी सरावी, तडजोडीने वा निर्दोष सुटून मिटलेला खटला दाखल्यात येऊच नये, आणि यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या न लागता ते आपोआप घडावे, एवढीच आमची मागणी आहे. अर्ज करावा लागला, तर तो ऊसतोडीस गेलेला मनुष्य पुन्हा तारखेस हजर राहू शकणार नाही.

असा कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत वकील-बंधूंनी एवढे तरी करावे : आरोपी कबुलीस उभा राहण्यापूर्वी, दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे होय, हे त्यास त्याच्या बोलीत समजावून सांगावे, आणि परिवीक्षेचा अर्ज त्याच दिवशी, त्याच टेबलावर द्यावा.