विश्लेषण : ट्रक कुठे आहे हे कळते, दारात किती तास उभा आहे हे का कळत नाही?

परभणी जिल्ह्यात सोयाबीन निघाले की ट्रक लातूरच्या तेल गिरण्यांची वाट धरतात. पाठोपाठ कापसाचा हंगाम येतो आणि मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंगमधून गाठींचे ट्रक दूरच्या सूतगिरण्यांकडे निघतात. माल घेणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्या आता भाडे ठरवतानाच ‘गाडीला ट्रॅकिंग हवे’ अशी अट घालतात. गाडी कुठवर आली, हे त्यांना कार्यालयात बसून दिसते. पण तीच गाडी कारखान्याच्या दारात दिवसभर उभी राहिली, तर तो दिवस बहुतेक वेळा कोणाच्याच हिशेबात येत नाही. यात तंत्रज्ञानाची अडचण नाही. ट्रॅकिंग बसवताना घेतलेला तो निर्णय आहे आणि तो बदलायला हवा.

ट्रॅकिंग नेमके चालते कसे?

ट्रकचा ठावठिकाणा चार वाटांनी कळतो. पहिली वाट गाडीत बसवलेल्या जीपीएस यंत्राची. ते ठरावीक सेकंदांनी अक्षांश-रेखांश पाठवते. जिंतूर-येलदरीकडच्या डोंगराळ पट्ट्यात रेंज गेली, तर चांगले यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर एकदम पाठवते. दुसरी वाट चालकाच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपची. तिसरी सिमकार्डची. यात मोबाइल टॉवरवरून अंदाजे जागा कळते. साधा फोनही चालतो, पण ग्रामीण भागात फरक काही किलोमीटरचा पडू शकतो आणि चालकाची संमती लागते. चौथी वाट फास्टॅगची. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीचा झाला. गाडी टोलनाका ओलांडते तेव्हा त्याची नोंद होते; दोन नाक्यांच्या मध्ये मात्र काहीच कळत नाही.

परभणीसारख्या जिल्ह्यात एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. हंगामात बाजारातून मिळेल ती गाडी भरली जाते. एका फेरीसाठी आलेल्या गाडीत कोणी यंत्र बसवत नाही. म्हणून सिम, अ‍ॅप आणि फास्टॅग यांच्यावरच बरीचशी मदार असते.

सॉफ्टवेअरमध्ये ते जोडतात कसे?

नुसता नकाशावरचा ठिपका उपयोगाचा नसतो. त्या गाडीत कोणाचा, कोणता माल आहे हे सॉफ्टवेअरला कळावे लागते. त्यासाठी बिल्टी क्रमांक, ई-वे बिल आणि गाडीचा क्रमांक त्या फेरीपुरते एकमेकांशी बांधले जातात. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला आणि नोंद बदलली नाही, तर पडद्यावर रिकामी गाडी धावत राहते.

वेगवेगळ्या यंत्रणांतली माहिती ‘एपीआय’ या जोडणीतून आणली जाते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत ‘यूलिप’ हा मंच सुरू केला. वाहन नोंदणी, फास्टॅग, रेल्वे मालवाहतूक अशा सरकारी यंत्रणांतली माहिती त्यातून एकाच ठिकाणी मिळवता येते.

वेळेचीही एक मेख आहे. जीपीएस यंत्रे साधारणपणे जागतिक प्रमाणवेळ पाठवतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. हे रूपांतर चुकले, तर सकाळी अकराला पोहोचलेली गाडी कागदावर पहाटे साडेपाचला पोहोचते.

घेरा कुठे आखला जातो?

गाडी पोहोचली, हे सॉफ्टवेअर कसे ठरवते? कारखान्याभोवती नकाशावर एक घेरा आखलेला असतो; त्याला जिओफेन्स म्हणतात. गाडी घेऱ्यात शिरली की ‘पोहोचली’, बाहेर पडली की ‘निघाली’.

खरी गोम इथेच आहे. घेरा कंपाउंडच्या भिंतीला धरून आखला, तर बाहेरच्या रस्त्यावर रांगेत उभी असलेली गाडी ‘प्रवासात’ दिसते. चालक भिंतीपलीकडे स्वयंपाक करत बसलेला असतो आणि पडद्यावर उशीर त्याच्या नावावर चढत असतो. तोच घेरा रांग लागते त्या रस्त्यापर्यंत वाढवला, तर उशीर कारखान्याच्या खात्यात जातो. यंत्र तेच, नकाशा तोच. फक्त रेघ कुठे ओढली यावर दोष कोणाचा हे ठरते. आणि ती रेघ ओढतो माल घेणारा.

त्याची किंमत कोण मोजते?

जाऊन-येऊन चार दिवसांची एक फेरी धरू. महिन्यात अशा सरासरी साडेसात फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी दारात दोन दिवस गेले, तर फेरी सहा दिवसांची होते आणि महिन्यात पाचच फेऱ्या पडतात. गाडीचा हप्ता आणि विमा मात्र तेवढाच राहतो. उरलेले भाडे बहुतेकदा पोच पावती हातात पडल्यावरच मिळते, म्हणजे तेही लांबते.

ई-वे बिलाचे घड्याळही चालूच असते. साध्या मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. ती वाढवून घेता येते, पण मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. दारात ताटकळलेल्या गाडीला हाही घोर असतो.

हा प्रश्न गाडीमालकापुरता नाही. दारात अडकलेली प्रत्येक गाडी बाजारातून कमी होते. ऐन हंगामात गाड्या कमी पडल्या की भाडे चढते आणि व्यापारी ते खरेदीच्या भावात धरतो. थेट गिरणीला माल देणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला तर ते स्वतःच्या खिशातून भरावे लागते. शेवटी त्याची झळ शेतकऱ्यालाच बसते.

रेल्वे मोजते, मग रस्ता का नाही?

मालगाडी खाली करायला रेल्वे ठरावीक वेळ देते. तो ओलांडला की वॅगनमागे, तासाच्या हिशेबाने ‘डेमरेज’ आकारते. जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरना आरएफआयडी टॅग लावून माग ठेवला जातो आणि कंटेनर किती काळ पडून राहिला हेही मोजले जाते. म्हणजे थांबलेला वेळ मोजता येतो, त्याचे पैसेही लावता येतात. फरक ताकदीचा आहे. रेल्वे बिल पाठवू शकते. एका ट्रकचा मालक ‘हॉल्टिंग’ मागायला गेला, तर पुढची फेरी जाण्याची त्याला भीती असते.

कंपन्यांची बाजू काय?

तीही ऐकायला हवी. गाड्या एकदम येतात, सांगितलेल्या दिवसाच्या आधी येतात, कागद अपुरे असतात. सोयाबीनमध्ये ओलावा जास्त निघाला की वाद होतो. हे सगळे खरे आहे. पण त्यावरचा उपाय ट्रॅकिंगमध्येच आहे. गाडी कधी पोहोचेल हे आधी दिसत असेल, तर तिला खाली करण्याची वेळ आधीच देता येते. गाडी त्या वेळेआधी आली, तर मोजणी ठरलेल्या वेळेपासून. उशिरा आली, तर आल्यापासून. ओलाव्याचा वाद झाला, तर तेवढा वेळ वेगळा दाखवता येईल.

काय बदलायला हवे?

पहिले, घेऱ्यात रांगेची जागा आली पाहिजे. दुसरे, पोच पावतीवर चार वेळा छापल्या जाव्यात : गाडी आली, आत घेतली, खाली झाली, निघाली. तिसरे, कंपनीला दिसते तेच गाडीमालकाला आणि माल पाठवणाऱ्यालाही दिसावे. चौथे, किती तासांनंतर हॉल्टिंग लागेल आणि किती, हे भाड्याच्या करारातच लिहावे. पाचवे, पोच मिळताच चालकाच्या फोनचा माग बंद व्हावा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. माल उतरल्यावर चालक कुठे जातो याच्याशी कंपनीचे काही देणेघेणे नाही.

माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च माल ज्याचा त्याने करावा, यासाठी महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी वर्षानुवर्षे केली. आता तोच न्याय वेळेला लावायला हवा : ज्याचा उशीर, त्याचा खर्च. त्यासाठी नवे यंत्र नको, नवे सॉफ्टवेअरही नको. मोठ्या कंपन्या आणि सरकारी गोदामांनी सुरुवात केली, तर बाकीच्यांना मागे राहणे जड जाईल. परभणीतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनीही पुढचा करार करताना ट्रॅकिंगची अट मान्य करावी. फक्त सही करण्याआधी, घेरा कुठे आखला आहे, हे विचारून घ्यावे.