जमिनीचा दलाल कोणाचा चाकर?



कापसाची गाडी बाजारात नेली की अडत्या कोण, मापाडी कोण, कटती किती धरली, चिठ्ठीवर भाव काय लिहिला, हे आपण चार वेळा विचारतो. क्विंटलमागे पन्नास रुपये कमी पडले तर आवाज चढवतो. पण ज्या वावरात तो कापूस पिकला ते वावरच विकायची पाळी आली की काय होते? तालुक्याला, तहसीलसमोरच्या टपरीवर, दुसऱ्याने आणलेल्या स्टॅम्पपेपरवर, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली आपण सही करतो. एका हंगामाच्या मालाला जेवढी चौकशी, तेवढीसुद्धा तीन पिढ्यांच्या मातीला नाही.

गावोगाव दोन-चार पोरे या धंद्यात आली आहेत. पदवी आहे, नोकरी नाही, घरच्या ज्वारीत दम नाही. मोटारसायकल आहे आणि मोबाइलमध्ये पंचक्रोशीच्या सातबाऱ्यांचे फोटो आहेत. त्यांना मी शिव्या देणार नाही. शेती तोट्यात ठेवली तर शेतकऱ्याचे पोर शेत विकायच्या धंद्यात जाणारच. दलाली हाही घामाचा धंदा होऊ शकतो. गिऱ्हाईक शोधणे, कागद तपासणे, मोजणी करून घेणे, नोंदणीपर्यंत सोबत राहणे, याला मोल आहे. पण आज बहुतेक ठिकाणी या कामाचे मोल मिळत नाही. मोल मिळते ते शेतकऱ्याला कायदा माहीत नसण्याचे. माझे भांडण तेवढ्याशी आहे.

शहराला परीक्षा, आपल्याला टपरी

शहरातल्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात महारेराने २०२३ पासून त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. पाचशे चौरस फुटांची खोली विकणाऱ्याने कायदा शिकला पाहिजे आणि पाच एकर काळी जमीन विकणाऱ्याने काहीच शिकले नाही तरी चालते. शेतजमिनीचा सरळ सौदा त्या कायद्यात बसतच नाही.

मग शेतजमिनीच्या दलालांनाही लायसन्स लावा, अशी मागणी करायची का? मी म्हणतो, नको. लायसन्स आले की इन्स्पेक्टर येतो, इन्स्पेक्टर आला की हप्ता येतो आणि तो हप्ता शेवटी वावराच्या किमतीतूनच जातो. कापसाच्या एकाधिकार खरेदीत आपण हे भोगले आहे. नवा कायदा मागण्याआधी जुना वापरून पाहू. तो दीडशे वर्षांचा आहे आणि आपल्या बाजूने आहे.

दलाल म्हणजे तुमचा माणूस

१८७२ च्या करार कायद्यात एजंट आणि त्याचा मालक यांच्यावर एक अख्खे प्रकरण आहे. ज्याला तुम्ही 'माझे वावर विकून दे' असे सांगितले तो तुमचा एजंट झाला आणि तुम्ही त्याचे मालक. कलम २१३ म्हणते, मालकाने मागितला की एजंटाने हिशेब दिलाच पाहिजे. कलम २१६ म्हणते, मालकाला न कळवता एजंटाने त्या कामात स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला लाभ मालक मागू शकतो. कलम २२० म्हणते, कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या भागाची दलाली मागता येत नाही.

कलम २१५ खालचे उदाहरण तर प्रत्येक चावडीवर लावावे असे आहे. मालक एजंटाला जमीन विकायला सांगतो. एजंट जमीन पाहायला जातो तेव्हा त्याला तिथे खाण सापडते. खाणीची गोष्ट दडवून तो मालकाला म्हणतो, मीच घेतो. मालक देतो. पुढे खरे कळले तर तो सौदा मोडायचा की ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा.

आज वावराखाली खाण नसेल, पण वावरावरून रस्त्याची रेघ जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना अशा कोरडवाहू मुलखातून तो गेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. असा रस्ता येतो, एमआयडीसी येते, सौर प्रकल्प येतो, तेव्हा नकाशा आधी कोणाला कळतो? धुऱ्यावर डवरणी करणाऱ्याला नक्कीच नाही. ज्याला आधी कळतो तोच 'काका, बरड जमीन आहे, आलेला भाव सोडू नका' म्हणत दारात येतो. तो तुमचा एजंट असेल तर अशी बातमी दडवून वावर स्वतः घेणे ही १८७२ च्या कायद्याने लबाडी ठरते.

पण तो तुमचा एजंट होता, हे सिद्ध कसे करणार? चहा पिताना झालेल्या बोलण्याला कोर्ट काय करील? म्हणून पहिला कागद इसाराचा नको, दलालीचा हवा. वावर कोणाचे, गट नंबर कोणता, दलाली किती टक्के, समोरच्याकडूनही दलाली घेणार का, मुदत किती, एवढे पाच मुद्दे आणि दोघांच्या सह्या. जो दलाल या कागदावर सही करायला कचरतो तो तुमचा दलाल नाही. तो तुमचा गिऱ्हाईक आहे आणि स्वस्तात घ्यायला आला आहे.

इसारातला एक शब्द

इसारपावती म्हणजे विक्री नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकली जाते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच. म्हणून दलाल सांगतो, 'नुसता इसार आहे, सही करा.' अर्धे खरे सांगून तो अर्धे लपवतो. तोच करार पुरा करून मागायला समोरचा कोर्टात जाऊ शकतो आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर कोर्टाचा कल करार पुरा करून देण्याकडे जास्तच झुकला आहे. इसार घेतला म्हणजे तुमचे हात बांधले गेले.

आणि त्यात एक ओळ हमखास असते : 'लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या इसमाच्या नावे खरेदीखत करून देईन.' या ओळीची किंमत पाहा. समजा, पाच एकरांचा सौदा एकरी ८ लाखांनी ठरला. इसार १ लाख, मुदत अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत दलाल तुमचे वावर बाजारात फिरवतो आणि एकरी १४ लाखांचे गिऱ्हाईक आणतो. खरेदीखत तुमच्याकडून थेट त्या गिऱ्हाइकाच्या नावे होते. तुम्हाला ४० लाख, दलालाला ३० लाख. त्याने गुंतवले १ लाख, तुम्ही गुंतवले वावर. 'ते सांगतील त्या इसमाच्या' हे शब्द खोडा. नाहीतर लिहून घ्या की वरचा पैसा शेतमालकाचा. मुदत तीन महिन्यांच्या वर देऊ नका आणि इसार नाममात्र घेऊ नका.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे

दुसरा मोठा गैरसमज सातबाऱ्याचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद खरी समजली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते खरेदीखताने, वाटणीने, बक्षीसपत्राने किंवा वारसाहक्काने. सातबारा त्याची नोंद ठेवतो. शेतसारा कोणाकडून घ्यायचा ते पाहणे हे त्याचे मूळ काम.

म्हणून घेणाऱ्यानेही नुसता सातबारा पाहून पैसे मोजू नयेत. आपल्यातला प्रत्येकजण कधी ना कधी घेणाराही असतो. जुने फेरफार काढा. बापाच्या किंवा मोठ्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा पाहा. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जायची असेल तर कलम ३६अ आडवे येते. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ पाहा. आणि बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेणारा दलाल घरही फोडतो आणि सौदाही कच्चा ठेवतो.

मुखत्यारपत्र आणि सावकाराचे खरेदीखत

मुखत्यारपत्राने जमीन विकली जात नाही, हे २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण विकण्याचा अधिकार दिलेला मुखत्यार तुमच्या वतीने तिसऱ्याला खरेदीखत नोंदवून देऊ शकतो आणि ते तुमच्यावर बंधनकारक होते. तेव्हा 'तुम्हाला चकरा नकोत' म्हणून मागितलेले मुखत्यारपत्र देऊ नका. चकरा मारा. वावरासाठी दोन चकरा महाग नाहीत.

त्याहून वाईट सावकाराचे. लग्नाला किंवा दवाखान्याला दोन लाख हवेत. सावकार म्हणतो, 'गहाणखत नको, खरेदीखतच करून दे, पैसे फेडलेस की परत करीन.' कलम ५८ प्रमाणे परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. वेगळ्या चिठ्ठीवरची अट, देवापुढची शपथ, दलालाची हमी, यांतले काहीच पुरत नाही. सावकारी बेकायदा असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून जमीन परत मागता येते. असे अर्ज करा. पण त्याआधी ती सही करू नका.

कागदावरचा भाव

आता सगळ्यात महागडी थाप. 'खरेदीखतात सरकारी दराएवढेच लिहू, बाकीचे रोख देतो, दोघांचाही फायदा.' मुद्रांक शुल्क भरतो घेणारा, वाचते त्याचे. काळा पैसा त्याचा, पांढरा होतो तुमच्या वावरात. तुमचे काय वाचते? कायद्याने ठरवलेल्या शहरी हद्दीबाहेरच्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीच्या नफ्यावर आयकरच नाही. तुम्हाला लपवायचे काहीच नाही. उलट २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोख घेणे हा दंडाचा विषय झाला आहे आणि तो दंड घेणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात.

नुकसान तुमच्या एकट्याचेही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना आसपासची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहतात आणि त्यांतल्या वरच्या अर्ध्यांची सरासरी काढतात. ती आणि मुद्रांकाचा सरकारी दर, यांत जे जास्त ते धरतात. या पायावर ग्रामीण भागाचा गुणक, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. पाया एका रुपयाने खचला की मोबदला किमान दोन रुपयांनी खचतो. गावातल्या दहाजणांनी खोटा भाव लिहिला की उद्या रस्ता आल्यावर अख्खे गाव त्या खोट्या भावाने मोजले जाते. मग मोर्चे काढून काय उपयोग? कलेक्टर आपल्याच सह्या आपल्यापुढे ठेवतो.

'जमीन विकूच नका' म्हणणाऱ्यांना

काही सज्जन म्हणतील, काळी आई आहे, विकण्याची भाषाच नको. शहरात बसून हे सोपे आहे. ज्वारी-कापसात कर्ज फिटत नसेल तर पाचातले दोन एकर विकून उरलेले तीन वाचवणारा शेतकरी आईला विकत नाही, घर सावरतो. त्याला पुरा भाव मिळाला पाहिजे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये, हे कुळकायद्याचे बंधन शेतकऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून आले. प्रत्यक्षात गिऱ्हाइके कमी झाली, भाव पडला आणि शेतकरी असल्याचे खोटे दाखले पुरवणाऱ्यांचा धंदा वाढला. ज्या मालाला गिऱ्हाईक निवडता येत नाही त्याला भाव मागता येत नाही, मग तो माल कापूस असो की वावर.

कृषी महाविद्यालयात आम्हाला मातीचा सामू काढायला शिकवले, सातबारा वाचायला कोणी शिकवले नाही. तेव्हा हे शिक्षण आपणच सुरू करू. जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवा. दर गावातून एक मुलगा आणि एक मुलगी कागद वाचायला तयार करायची. दलालीच्या कराराचा एक नमुना वकिलाकडून तपासून घेऊन प्रत्येक गावशाखेत ठेवायचा. आणि गावात कोणीही इसारावर सही करण्याआधी तो कागद एक रात्र घरी आणायचा, बायको, बहीण, भाऊ यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. जी पोरे या धंद्यात आहेत त्यांनीही या वर्गाला यावे. जो दलाल कायदा शिकून दोन टक्के उघडपणे मागेल त्याला आपण आनंदाने देऊ. जो वरचे तीस लाख खिशात घालू पाहील त्याला कलम २१६ दाखवू.

कटतीचा हिशेब मागायला आपण शिकलो. आता वावराचा हिशेब मागायचा.