आत्याबाईंचा आवाज गेला कोठें?

गेल्या श्रावणांत देवपूर येथील आमच्या घरीं आत्याबाईंचीं मंगळागौरीचीं गाणीं संगणकावर ध्वनिमुद्रित करण्याचें आम्हीं योजिलें. यंत्र लिनक्सचें, 'हायड्रोजन' ह्या प्रोग्रॅमवर ठेका व 'आर्डर'वर मुद्रण, अशी सिद्धता केली. पडद्यावरील आवाजाची पट्टी डोलत होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. ऐंशी वर्षांच्या आत्याबाई पाऊण तास गायल्या. मागाहून ऐकतों तों काय, नुसता ठेका! त्यांच्या आवाजाचा मागमूसही नाहीं.

दोष सर्वस्वीं आमचाच. लिनक्सवर एका प्रोग्रॅमचा ध्वनि दुसऱ्यांत नेण्यासाठीं 'जॅक' नांवाची व्यवस्था आहे. आर्डरचे कर्ते पॉल डेव्हिस यांनींच ती निर्माण केली. अलीकडे हें काम 'पाइपवायर'ही करतें. २०२१ सालीं फेडोरा ३४ मध्यें ध्वनीचा कारभार त्याजकडे आला. व्यवस्था कोणतीही असो, तत्त्व एकच. पांझरेच्या फडांत पाटकरी ज्या शेताकडे पाणी वळवितो तिकडेच तें जातें; त्याचप्रमाणें प्रत्येक प्रोग्रॅमला ध्वनीचीं येण्याचीं व जाण्याचीं दारें असतात, आणि जीं जोडावीं त्यांतूनच ध्वनि वाहतो. आदल्या दिवशीं ठेका मुद्रित करून पाहतांना आम्हीं आर्डरचें दार हायड्रोजनला जोडलें होतें, तें तसेंच राहिलें. मायक्रोफोन कोठेंच जोडलेला नव्हता. पट्टी डोलत होती ती ठेक्यानें!

अशा वेळीं उगमापासून एकेक दुवा तपासावा. 'क्यूपीडब्ल्यूग्राफ' ह्या प्रोग्रॅमांत सर्व जोडण्या रेषांनीं दिसतात. मायक्रोफोनची रेषा मुद्रणाच्या दारीं पोंचली आहे काय, हें प्रथम पाहावें. मग ठेका बंद करून गाणारास बोलावयास सांगावें. पट्टी तेव्हां हलली तरच तो आवाज त्यांचा. दहा सेकंद मुद्रण करून ऐकावें, मगच गाण्यास आरंभ करावा. आवाज तुटक येत असल्यास बफर वाढवावा. मात्र सेकंदास ४८,००० नमुने घेतांना २५६ नमुन्यांच्या बफरास सुमारें ५ मिलिसेकंद लागतात, तर १,०२४ च्या बफरास २१. तेवढ्या विलंबानें स्वतःचा आवाज कानीं आला कीं गाणाराचा ताल चुकूं लागतो.

आठ दिवसांनीं आत्याबाई पुन्हा गायल्या, न कुरकुरतां. एका गाण्याचें शेवटचें कडवें मात्र त्यांस कांहीं केल्या आठवेना. आमच्या वाचकांच्या घरींही अशा आत्याबाई असतील. त्यांस गावयास बसविण्यापूर्वीं तेवढे दहा सेकंद अवश्य खर्चावे, इतकेंच सांगणें.