‘जग्वार आपली झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

भारतातून कुणी इंग्लंडला आलं आणि रस्त्यात जग्वार दिसली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘‘ही आता आपलीच ना!’’ टाटा मोटर्सने २००८ साली फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, तेव्हापासूनचा हा अभिमान. तो मलाही आहे. पण मी राहतो कॉव्हेंट्रीजवळ, जिथे या गाड्या घडल्या. इथल्या जुन्या स्पोर्ट्स कार जवळून पाहिल्यावर वाटायला लागलं, की ‘आपली’ हा शब्द आपण जरा घाईनेच वापरतो. नेमकं काय आपलं झालं? गाडी, कारखाना की फक्त नाव?

आधी नावांचंच बघा. यातली बरीचशी नावं इंजिनिअरच्या वहीतून आलीत. १९४८ च्या एक्सके १२० मध्ये एक्सके हे इंजिनाचं नाव आणि १२० म्हणजे ताशी १२० मैल वेग. तिच्या शर्यतीच्या गाडीला ‘कॉम्पिटिशन’वरून ‘सी’ लागलं, मग डी-टाइप आणि १९६१ साली ई-टाइप. आम्ही सॉफ्टवेअरवाले व्हर्जन नंबर देतो, तसंच. फेरारीच्या २५० जीटीओमधले २५० म्हणजे बारापैकी एका सिलिंडरची क्षमता, साधारण २५० सीसी. खुद्द कंपनीला ‘जग्वार’ हे नाव मिळालं १९४५ साली. आधी ती एसएस कार्स होती. युद्धानंतर ‘एसएस’ म्हटलं की लोकांना हिटलरची फौज आठवायची.

पण नाव ठेवलं म्हणून ते आपलं होतंच असं नाही. पोर्शेने १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ ही गाडी मांडली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आमचा हक्क आहे, असं प्यूजोने सांगितलं आणि ९०१ ची ९११ झाली. आज जगभर ओळखला जाणारा तो आकडा एका हरकतीतून आलाय.

डब्ल्यू. ओ. बेंटली यांची गोष्ट तर चटका लावणारी आहे. १९३१ साली त्यांची कंपनी रोल्स-रॉइसने घेतली. पुढे त्यांनी लॅगोंडा कंपनीसाठी इंजिन तयार केलं, पण त्या गाडीला स्वतःचं आडनाव त्यांना देता आलं नाही. ते विकलं गेलं होतं! १९९८ साली रोल्स-रॉइसवरही हीच वेळ आली. फोक्सवॅगनने क्रू गावातला मोटारींचा कारखाना घेतला, पण ‘रोल्स-रॉइस’ हे नाव विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होतं आणि तिने ते बीएमडब्ल्यूला दिलं. कारखाना एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचं तर नाव हा निव्वळ पत्ता असतो. त्या पत्त्यावर आज काय ठेवायचं, ते मालक ठरवतो.

हा अधिकार किती मोठा आहे, ते ई-टाइपवरूनच कळतं. १९६३ साली तिच्या हलक्या, ॲल्युमिनियमच्या शर्यतीच्या १८ गाड्या ठरल्या होत्या, बनल्या १२. उरलेले सहा चासी नंबर पन्नास वर्षं कागदावरच राहिले. २०१४ साली कंपनीने त्या सहा गाड्या नव्याने बनवायला घेतल्या. तीच गाडी एखाद्या कुशल कारागिराने आपल्या गॅरेजमध्ये हाताने ठोकून बनवली, तर ती नक्कल. नावाच्या मालकाने बनवली, तर अस्सल. पत्रा तोच, फरक फक्त नावाचा.

माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडे एवढा अधिकार आहे, त्याची जबाबदारीही तेवढीच हवी. ब्रिटनमध्ये गाडीच्या कागदावर, म्हणजे आपल्या आरसी बुकासारख्या लॉगबुकवर, नाव असतं ते ‘रजिस्टर्ड कीपर’चं, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्याचं. हा मालकीचा पुरावा नाही, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं. मला हा शब्द फार आवडतो. जुन्या नावांच्या बाबतीतही हीच नोंद असायला हवी होती.

सांभाळणं म्हणजे जुन्या चौकटीत अडकणं नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने नवं बोधचिन्ह आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला त्यात गैर वाटलं नाही. संस्थापक विल्यम लायन्स यांनीही १९४५ साली कंपनीचं नाव बदललंच होतं. कसोटी वेगळीच आहे. साठ वर्षं जुन्या ई-टाइपला सुटे भाग मिळतात का? तिचा मूळ रंग आणि बांधणीची तारीख सांगणारी वही जपून ठेवली आहे का? जग्वारच्या बाबतीत हे काम एक हेरिटेज ट्रस्ट करतो, गाड्यांची मूळ नोंद तपासून दाखला देतो. कंपनीच्या विक्रीचे आकडे कमी-जास्त होतील, पण हे काम थांबता कामा नये. टाटांबद्दलचा माझा अभिमान मी तिथे मोजतो.

हा प्रश्न फक्त टाटांपुरता नाही. महिंद्रांकडे आज बीएसए हे मोटरसायकलचं जुनं ब्रिटिश नाव आणि अनेक फेरारींना रूप देणारी पिनिनफरिना आहे. ‘नॉर्टन’ टीव्हीएसकडे आहे. उलट, २०१७ साली हिंदुस्थान मोटर्सने ‘ॲम्बॅसेडर’ हे नाव ८० कोटी रुपयांना विकलं. कुणाला? त्याच प्यूजोच्या समूहाला. तेव्हा आपल्याला हळहळ वाटली होती ना? कॉव्हेंट्रीतल्या निवृत्त कामगाराला जग्वारबद्दल अगदी तसंच वाटत असणार. नाव विकत घेताना त्याची ही हळहळही आपल्याकडे आली आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.